होडी आज जावची नाय

आज जरा वेगळा विषय. मी मुरगूडचा. आमच्याकडं पाणी म्हणजे वेदगंगा आणि सर पिराजीराव तलाव, त्यामुळं समुद्रातलं मला शून्य कळतं. हे आधीच सांगून टाकतो.

आज्जीची कैक वर्षांची इच्छा होती, सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन शिवराजेश्वराचं दर्शन घ्यायचं. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं हे शिवरायांचं मंदिर. मला सुट्टी मिळाली ती मे महिन्यात, तीही चारच दिवस. मुदाळ तिट्टा, राधानगरी, फोंडा घाट करत मालवण गाठलं. सकाळी जेट्टीवर गेलो तर होडीवाला म्हणाला, "होडी आज जावची नाय."

ऊन पडलेलं. ॲपमध्ये पावसाची शक्यता शून्य टक्के. किल्ला समोर दिसतोय, अर्धा किलोमीटर असेल नसेल! मी मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलासुद्धा नाही.

रूमवर येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की मी चुकीचा आकडा बघत होतो. पाऊस नव्हे, वारा आणि लाटा बघायच्या असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. आणि लाट इथल्याच वाऱ्याची असेल असंही नाही. हजारो किलोमीटर लांब वादळ झालं, तरी त्याची फुगी काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येते, इथं वारा पडलेला असतानाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे रोज देते, मोबाईलवर फुकट बघता येतात. माझ्या ॲपमधल्या सूर्याच्या चित्राला यातलं काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी होडीवाल्या काकांना परत गाठलं. ते म्हणाले, नेणं अवघड नाही, उतरवणं अवघड आहे. किल्ल्याच्या बाजूला खडक, होडी हातभर वर-खाली होणार, आणि त्यात या आजींना पाय टाकायचा. बरं, सकाळी उतरवल्या समजा, दुपारी वारा वाढला तर परत कसं आणायचं? हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी नवीन कोड लाईव्ह करत नाही, कारण बिघडलं तर मागं फिरवायला माणूस नसतो. इथं मात्र मी आज्जीला घेऊन तेच करायला निघालो होतो!

दुसऱ्या दिवशीही तेच. आता खरं सांगतो. मी दुसरी कुठली होडी जास्त पैशात मिळते का, हे शोधत होतो. सोमवारी ऑफिस. महिनाअखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होणार, त्या पावसाळा संपल्यावरच सुरू. आणि आज्जीचं वय ऐंशीच्या घरात. म्हणजे माझा निर्णय समुद्र बघून होत नव्हता, कॅलेंडर बघून होत होता.

त्या रात्री 'रामदास' बोटीबद्दल वाचलं. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट. सणाला गावी जाणारी माणसं खच्चून भरलेली, ऐन पावसाळा. वाटेत वादळी लाटांनी बोट कलली, लोक घाबरून एका बाजूला धावले, आणि काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, त्यामुळं मुंबईला कळायलाच दुपार उलटली. काहीजण वाचले ते रेवसच्या बाजूच्या कोळ्यांमुळं. त्यांनी पकडलेली मासळी समुद्रात टाकून माणसं होड्यांत घेतली, असं सांगतात. त्या बोटीतल्या प्रत्येकाला त्याच दिवशी घरी पोचायचं होतं. मी मोबाईल बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी वारा थोडा कमी वाटला. काकांनी पाण्याकडं बघितलं, मान हलवली. मी काही बोललो नाही. आज्जीच म्हणाली, "त्येंचा दर्या, त्येंनाच कळणार. चल."

मग तिला मोरयाच्या धोंड्यापाशी नेलं. किनाऱ्यावरचा हा कोरीव खडक. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं काम सुरू करताना महाराजांनी इथं पूजा केली, असं मानतात. तिनं तिथून किल्ल्याकडं बघून हात जोडले, पदरात बांधून आणलेली खडीसाखर ठेवली.

परतताना फोंडा घाटात म्हणाली, "दिवाळी झाल्यावर येऊया की." मी नोव्हेंबरमधली रजा टाकली आहे, या वेळी आठ दिवसांची. तिचे गुडघे तेवढे दिवस साथ देतील का, माहीत नाही.