कारण विचारा, कारण सांगा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टरांनो,

परीक्षा संपल्या म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास सोडला असेल. पण यापुढचा तुमचा परीक्षक कदाचित माणूस नसेल. त्याच्याविषयी आज दोन गोष्टी सांगतो.

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया. तोवर सर्जनचा हात टेबलाभोवतीच्या चार-पाच जणांनाच दिसायचा. दुर्बिणीमुळे तो पडद्यावर आला, ऑपरेशनची फिल्म मागे उरू लागली आणि ती तपासताही येऊ लागली.

तपासून काय हाती लागतं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २० सर्जननी स्थूलतेवरच्या बायपास शस्त्रक्रियेचा आपापला एक व्हिडिओ दिला. कोणाचा व्हिडिओ आहे हे न सांगता इतर सर्जनकडून त्याला गुण देववले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. गुणांत तळाच्या पाव गटातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या पाव गटात ५.२ टक्के. हाताहातात फरक असतो आणि तो रुग्णाला भोगावा लागतो.

पण प्रत्येक फिल्म बघत बसायला वेळ कोणाला आहे? म्हणून ते काम आता मशीन लर्निंगकडे चाललंय. सुई कशी धरली, टाका कसा घातला, हे पाहून यंत्र कौशल्याचा शेरा देतं. नुसत्या शेऱ्याने मात्र कोणी शिकत नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराला ‘हरलास’ एवढंच सांगून थांबत नाही. पाय कुठे चुकला तेही दाखवतो. यंत्रानेही फिल्ममधले कोणते क्षण पाहून शेरा दिला, ते दाखवायला हवं.

असं कारण दाखवल्याने फायदा होतो का? होतो. रोबोटिक शस्त्रक्रियांच्या फिल्म तपासणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सर्जनच्या काही गटांना ती इतरांपेक्षा जास्त वेळा चुकीने कमी लेखत होती, काहींना उगाच चढवत होती. मग तज्ज्ञांनी निर्णायक क्षण खुणा करून दिले आणि कारण दाखवायला तिला शिकवलं. पक्षपात कमी झाला, अचूकताही वाढली.

दुसरी गोष्ट याहून सावध करणारी आहे. न्यूमोनियाच्या जुन्या नोंदींवर शिकवलेल्या एका प्रणालीने निष्कर्ष काढला, की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी! प्रत्यक्षात दमेकऱ्यांना थेट आयसीयूत नेलं जात होतं, म्हणून ते वाचत होते. त्या प्रणालीने लावलेला नियम उघडा वाचता आला, म्हणून चूक सापडली.

आता आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा विचार करा. चंदगडहून, सिंधुदुर्गातून, राज्याच्या सीमेपलीकडूनही रुग्ण इथे येतात. आतडं फुटून दोन दिवस उलटलेल्या रुग्णाचा मृत्यू यंत्राने सरळ सर्जनच्या खात्यावर मांडला, तर उद्या अवघड केस कोण हातात घेईल? म्हणून यंत्राचा हिशेब उघडा असला पाहिजे. उशीर कोणाच्या नावावर घातलाय, हे आपल्याला वाचता आलं पाहिजे.

तेव्हा मित्रहो, मूल्यमापन टाळू नका. रुग्णाची परवानगी घेऊन आपल्या फिल्म जपा, त्या इतरांना तपासू द्या. शेरा पटला नाही तर कारण मागा; कारण पटलं नाही तर लेखी हरकत घ्या. आणि उद्या तुमच्या हाताखालच्या रेसिडेंटला ‘तुला जमत नाही’ म्हणताना नेमकं काय जमलं नाही, तेही सांगा. यंत्राकडून मागायचं ते आधी आपण द्यायला शिकू. रुग्णाच्या घरच्यांनी ‘डॉक्टर, असं का झालं?’ म्हणून विचारलं, तर घड्याळाकडे न बघता बसून उत्तर द्या. ते तुमचे सगळ्यात कडक परीक्षक आहेत आणि त्यांना ऐकायचं असतं ते कारणच.