कडुनिंबावरची गुळवेल

बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली, बदामी आकाराच्या पानांची गुळवेल तुम्ही पाहिली असेल. औषधात मुख्यतः तिचं खोड वापरतात. ताजं खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी कुस्करून गाळायचं आणि ते पाणी अजिबात न हलवता ठेवायचं. तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून तो वाळवला की झालं गुळवेल सत्त्व. बाजारातल्या गोळ्यांमधला अर्क वेगळा, म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नका.

सकाळी उठल्या उठल्या शिंकांनी बेजार होणाऱ्यांसाठी एक माहिती. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅलर्जिक सर्दीच्या 75 रुग्णांपैकी काहींना 8 आठवडे गुळवेलीचा अर्क दिला, इतरांना औषध नसलेल्या गोळ्या. अर्क घेणाऱ्यांच्या शिंका, नाकाची खाज आणि वाहणं बरंच कमी झालं. चाचणी लहान होती, तरी आशा वाटावी अशी.

पण कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. ओळख पक्की नसेल तर वेल तोडूच नका. मधुमेहाची औषधं चालू असतील, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार असेल किंवा यकृत नाजूक असेल, तर वैद्यांना आणि डॉक्टरांना आधी विचारा. घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी औषध थांबवून दवाखाना गाठा.