पुढारीपण आणि सेवा



आपली मुले पुढारी व्हावीत अशी आपणां सर्वांची इच्छा असते. परंतु पुढारीपण म्हणजे व्यासपीठावरील खुर्ची नव्हे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना हिटलरचा निषेध केल्यामुळे १९३३ साली कारावास घडला व नंतर त्यांनी ब्रिटनचा आश्रय घेतला. त्यांच्याच प्रेरणेने १९६२ साली वेल्समधील सेंट डोनॅट्स या समुद्रकाठच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. निरनिराळ्या देशांची मुले तेथे एकत्र राहत, शिकत आणि बुडत्यांना वाचविण्यासाठी नौका घेऊन समुद्रात जात. खवळलेल्या पाण्यात वक्तृत्व कामास येत नाही. सोबत्याच्या हातावर विश्वास असावा लागतो, मग तो कोणत्याही देशाचा असो. याच परिवारातील महिंद्र कॉलेज १९९७ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात चालू आहे.

तेवढा पैसा आपल्या मंडळापाशी नाही, हे खरे. पण वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब, आजारी सोबत्याची शुश्रूषा, धाकट्यांचा अभ्यास, ही कामे मुलांच्या हाती सोपविण्यास पैसा लागत नाही. आणखी एक नम्र सूचना : वसतिगृहातील काही जागा ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. कित्येकांना हे रुचणार नाही. परंतु जो मुलगा केवळ आपल्यांतच वाढला, तो फार तर आपला पुढारी होईल. देशाचा होणार नाही.