पदकाविना परतलेले गडी

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या हौशी गड्यांनी हुतूतूचा खेळ करून दाखविला. त्याच ऑलिंपिकात, १२ ऑगस्टच्या रात्री, अमेरिकेचे दोन हौशी संघ बेसबॉल खेळले. त्यांतील एक ६-५ असा जिंकला. दोन्ही खेळ केवळ प्रात्यक्षिकापुरते होते. पदक कुणालाच नव्हते.

मग या मंडळींनी घरी नेले काय? उत्तर त्या खेळांतच आहे. बेसबॉलमध्ये वाटेत थांबलेला गडी सोबत्याच्या फटक्यावर धावून ‘घरी’ पोचतो. संजीवनी हुतूतूत बाद झालेला गडी सोबत्याच्या पराक्रमाने पुन्हा जिवंत होतो. उतारवयात जुने सोबती जमले, की एकाच्या आठवणीत दुसरा असाच जिवंत होत असतो. हौशी संघाची खरी कमाई हीच!