परत बोलावलेली मालमोटार



कांदिवलीला आमच्या घराच्या खिडकीतून पश्चिम द्रुतगती महामार्ग दिसतो. रात्रभर गुजरातकडे मालमोटारी धावतात आणि सकाळी खिडकीच्या गजावर बोट फिरवले की ते काळे होते. ही काजळी डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिला नावे ठेवतो. डिझेलच्या धुरात आणखीही काही असते, आणि ते सहसा दिसत नाही. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येतात व त्यांची ऑक्साइडे बनतात. छातीला तर ती वाईटच. शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो, आणि तो उभ्या पिकाच्या पानांनाही सोसत नाही.

आता गंमत पाहा. गाडीची पी.यू.सी. काढताना डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे, एवढेच पाहतात. ही ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत! म्हणजे चालकाच्या खिशात खरेखुरे प्रमाणपत्र असायचे, आणि गाडी मात्र विष ओकत जायची.

यावरचा उपाय शेतकरी बंधूंच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे युरिया. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. तेव्हापासूनच्या जड मालमोटारींत डिझेलच्या टाकीजवळ बहुधा निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते. तिच्यात शुद्ध युरियाचे साडेबत्तीस टक्के द्रावण भरतात. (गोणीतला युरिया पाण्यात कालवून कोणी ओतू नये, सारी यंत्रणा चोंदेल.) हे द्रावण तापलेल्या धुरात फवारले की अमोनिया निघतो, आणि उत्प्रेरकाच्या जाळीतून जाताना ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी होऊन जाते.

पण ती जाळीच अकाली निकामी झाली तर? अमेरिकेत तसेच घडले. कमिन्स या कंपनीचे नाव पुणेकरांना १९६२ पासून ठाऊक आहे. तिच्या २०१० ते २०१५ सालच्या इंजिनांपैकी अनेकांतले उत्प्रेरक अपेक्षेपेक्षा लवकर झिजत होते. कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने धावत्या गाड्यांवर सुटसुटीत यंत्रे बसवून धूर मोजला, तेव्हा हे उघड झाले. जुलै २०१८ च्या अखेरीस सुमारे पाच लाख मालमोटारी परत बोलावल्याचे जाहीर झाले. परत बोलावणे म्हणजे गाडी जप्त करणे नव्हे, बरे का. मालकाने ती दुरुस्तीला न्यायची. भाग बदलायचा, तो कंपनीच्या खर्चाने.

आपल्याकडची ठळक उदाहरणे लहान गाड्यांची आहेत. २०१३ साली जनरल मोटर्सने एक लाख चौदा हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. सरकारी तपासणीसाठी कर्मचारी निवडक इंजिने बसवीत होते, हे कंपनीने स्वतःच कबूल केले. पोरांनी परीक्षेला हुशार भावाला बसवावे, तसला हा प्रकार! पुढे २०१५ साली फोक्सवागनच्या गाड्या पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने तपासल्या, आणि सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम आले. गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला हानी पोचत असेल, तर सरकार उत्पादकाला गाड्या परत घ्यायला लावू शकते. मला हे कलम फार मोलाचे वाटते. बियाणे बोगस निघाले तर दुबार पेरणीचा भुर्दंड शेतकऱ्याने का सोसावा, असे आपण विचारतो ना? तोच न्याय इथे. गाडी धूर ओकते म्हणून दंडाची पावती नेहमी चालकाच्याच हाती का पडावी?

अर्थात मालकही सगळे साव नसतात. द्रावणाचे पैसे वाचावेत म्हणून यंत्रणेला चकवणारी बनावट उपकरणे बसवणारे महाभाग आहेतच. तेथे दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. म्हणूनच रस्त्यावरची मोजणी हवी. त्याशिवाय चूक कारखान्यातली की गॅरेजमधली, हे ठरणार कसे?

परवा महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर एका चालकाला मी निळ्या झाकणाबद्दल विचारले. "मास्तर," तो म्हणाला, "टाकी रिकामी झाली की दिवा लागतो. तरी नाही भरली, तर गाडी चढाला दम सोडते. म्हणून आम्ही भरतो. पण भरलेल्याचं आत काय होतं, ते आम्हाला कोण सांगणार?"