भयकथेत रक्त किती सांडावं?

भयकथा आवडतात म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'तुम्हाला असलं वाचवतं तरी कसं?' नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्यापुरतं उत्तर सोपं आहे. तिथे रक्तापेक्षा चाहूल महत्त्वाची. प्रश्न अवघड होतो तो इंग्रजीतल्या 'एक्स्ट्रीम हॉरर'बाबत. १९८४ पासून क्लाइव्ह बार्करचे 'बुक्स ऑफ ब्लड' हे कथासंग्रह येऊ लागले. १९८६ मध्ये डेव्हिड शो या लेखकाने अशा लेखनाला 'स्प्लॅटरपंक' हे नाव दिलं. पुढे देह कसा फाडला याची तपशीलवार वर्णनं करण्याची अहमहमिकाच लागली. (बार्करकडे निदान कल्पनेची श्रीमंती होती!)

स्टीफन किंगने १९८१ मध्ये भयाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वर न दिसणारी धास्ती, मग दिसणारं भयंकर आणि तळाशी निव्वळ किळस. वरचं साधलं नाही तर आपण खालचं वापरतो, हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं. माझी तक्रार एवढीच, की किळस फार लवकर बोथट होते. पहिल्या खुनाला अंगावर काटा येतो, पाचव्याला आपण उरलेली पानं मोजतो. मेला तो कोण होता, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

जॅक केचमची 'द गर्ल नेक्स्ट डोअर' (१९८९) मात्र वेगळी आहे. तिच्यामागे खरी घटना आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात सिल्व्हिया लायकेन्स या १६ वर्षांच्या मुलीचा छळ करून जीव घेतला गेला. आईवडील फिरतीवर असत. आठवड्याला २० डॉलर ठरवून त्यांनी दोघी बहिणींना एका बाईच्या घरी ठेवलं होतं. छळात त्या बाईची मुलं होती, शेजारपाजारचीही होती.

केचमने काळ १९५८ चा घेतला आणि गोष्ट सांगायला लावली शेजारच्या डेव्हिडला. तेव्हा तो १२ वर्षांचा. मेग त्याला पहिल्यांदा भेटते ती ओढ्याकाठी. पुढे दोघं जत्रेतल्या पाळण्यात बसतात. ती आपल्याला आवडू लागते, आणि मग तळघराचं दार उघडतं. डेव्हिड पाहतो, गप्प राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. आपणही पान उलटतो! छळ टोकाला पोचतो तिथे मात्र एक अगदी छोटं प्रकरण येतं. तिथे डेव्हिड ते सांगायलाच नकार देतो. भडक लिहिणाऱ्याने नेमकी हीच जागा दहा पानं रंगवली असती.

एका खऱ्या मुलीच्या मरणावर कादंबरी बेतावी का, असा आक्षेप उरतोच. मला तो पोकळ वाटत नाही. केचमने नाव बदललं, काळ बदलला, तरी सिल्व्हियाच्या धाकट्या बहिणीने ते सारं त्या घरात राहून पाहिलं होतं, आणि कादंबरी आली तेव्हा ती हयात होती.