अंगठ्याच्या मुळाशी दुखणारे हाड
(ज्ञातिसंमेलनात खंडाळा येथे केलेले भाषण)



ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर आपल्या तालुक्यात लोणंदला विसावते, तेव्हा वारकऱ्यांचे पाय चेपण्याची सेवा आपल्यापैकी कित्येकांनी केली असेल. काही पावलांत अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला आणि त्याच्या मुळाशी, आतल्या कडेस, हाडाचा उंचवटा आलेला दिसतो. हे दुखणे स्त्रियांत अधिक. परंतु आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका त्याविषयी बोलतच नाहीत.

‘हाड वाढले’ असे आपण म्हणतो. वस्तुतः ते फारसे वाढलेले नसते. अंगठ्यामागचे पावलाचे हाड एका बाजूस व अंगठा दुसऱ्या बाजूस सरकतो आणि सांधा उघडा पडतो. तेव्हा कुरूप समजून ते पात्याने तासणे वा त्यास डाग देणे व्यर्थ होय. मधुमेह्याची अशी जखम चिघळून पाऊल गमावण्याची पाळी येते. अंगठा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला, तर मात्र ते बहुधा वातरक्त असते; रक्तातील युरिक अॅसिड तपासून घ्यावे.

पहिला उपाय पादत्राणाचा. सायंकाळी कागदावर उभे राहून पावलाची रेषा काढावी व तीवर आपली चप्पल ठेवावी. रेषा बाहेर डोकावली, तर ती चप्पल आपली नव्हे! शिरवळच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांनीही पुढे रुंद असलेलेच बूट मागून घ्यावेत. उंचवट्यावर मऊ गादी, दुखल्यास बर्फाचा शेक, वैद्यकीय सल्ल्याने वेदनाशामक गोळी, एवढ्याने पुष्कळांचे भागते. रात्री बांधावयाच्या पट्ट्यांनी थोडा आराम पडेल. अंगठा कायमचा सरळ होईल, ही जाहिरात खरी मानू नये.

एवढे करूनही चालणे दुष्कर झाले, तरच शस्त्रक्रिया. उभ्याने क्ष-किरण चित्र घेऊन, हाड कापून जागेवर आणतात व स्क्रूने बसवितात. ते जुळण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. सूज कित्येक महिने रेंगाळते आणि काहींचा अंगठा पुन्हा कलतो. मुलगी दाखविण्यापूर्वी पाऊल सुबक व्हावे, एवढ्यासाठी ती करविणे आम्हांस मुळीच मान्य नाही. ही ठेवण पुष्कळदा घराण्यातून येते. स्थळ पाहताना त्यात उणे ते काय शोधावयाचे?

दोन्ही पावले एकदमच करावीत काय, असे काही भगिनींनी विचारले आहे. घरात चूल सांभाळणारे दुसरे माणूस नसेल, तर एकेक करावे. आणि तेही सुगी आटोपल्यावर.